पंधराव्या क्रमांकाचे शिखर

जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, असा प्रश्न भूगोलाच्या तासाला विचारला, तर वर्गातील बहुतेक सर्व हात वर होतील आणि 'एव्हरेस्ट' हे उत्तर मिळेल. हाच प्रश्न काठमांडूच्या शाळेत विचारला तर उत्तर येईल 'सगरमाथा'. ल्हासाच्या शाळेत ते 'चोमोलुंग्मा' असे येईल. ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिन्ही नावे नेपाळ आणि चीन यांच्या सीमेवर, तिबेटच्या पठाराच्या दक्षिण कडेला उभ्या असलेल्या एकाच शिखराची आहेत. पण एखाद्याने 'गौरीशंकर' असे उत्तर दिले, तर ते मात्र चूक ठरेल. असे का? तीन नावे चालतात आणि चौथे चालत नाही, हे कोणी व कसे ठरविले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडा इतिहास, थोडा भूगोल आणि बरेचसे त्रिकोणमिती यांची मदत घ्यावी लागेल.

त्रिकोणांची साखळी

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ विल्यम लँबटन यांनी जमिनीवर एक सरळ रेषा मोजण्यास प्रारंभ केला. या रेषेची लांबी सुमारे १२ किलोमीटर होती. अशा रेषेला पायारेषा म्हणतात. साऱ्या भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा आरंभ होय.

एकच रेषा मोजून देश कसा मोजता येईल? समजा, मैदानावर आपण अ आणि ब या दोन खुणांमधील १०० मीटर अंतर काळजीपूर्वक मोजले. दूरवर क हे एक झाड आहे. अ पासून पाहिले असता झाड आणि पायारेषा यांमधील कोन ६० अंश भरला व ब पासून तो ७० अंश भरला. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असल्यामुळे क येथील कोन ५० अंशांचा असणार. आता अ पासून झाडापर्यंतचे अंतर काढण्यासाठी १०० ला ७० अंशांच्या साइनने गुणावे आणि ५० अंशांच्या साइनने भागावे. उत्तर सुमारे १२२.७ मीटर येते. झाडापर्यंत चालत न जाता आपण अंतर काढले! हीच नवी बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते, त्यावरून तिसरा त्रिकोण, आणि अशी साखळी वाढत जाते. कोन मोजण्यासाठी थिओडोलाइट नावाची दुर्बीण बसविलेली यंत्रे वापरीत.

लँबटन यांनी ही साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे वीस वर्षे वाढवीत नेली. जानेवारी १८२३ मध्ये, काम चालू असतानाच, विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट आले. पुढे १८३० साली ते भारताचे महासर्वेक्षक झाले आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत साखळी पोहोचवून १८४३ साली निवृत्त झाले. हे वर्ष लक्षात ठेवा. ज्या शिखराला पुढे त्यांचे नाव मिळाले, त्याचे पहिले वेध त्यांच्या निवृत्तीनंतर घेतले गेले आहेत.

दुरून दिसलेले टोक

एव्हरेस्ट यांच्यानंतर अँड्र्यू वॉ हे महासर्वेक्षक झाले. त्या वेळी कांचनगंगा हे जगातील सर्वांत उंच शिखर समजले जात असे. नोव्हेंबर १८४७ मध्ये कांचनगंगेचे वेध घेत असताना वॉ यांना तिच्या पलीकडे, सुमारे २३० किलोमीटर अंतरावर, आणखी एक टोक दिसले. अधिक पश्चिमेकडील एका ठाण्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्यानेही तेच टोक पाहिले. मात्र इतक्या लांबून घेतलेल्या वेधांवर विसंबणे योग्य नव्हते, आणि जवळ जाण्याची सोय नव्हती, कारण नेपाळने परकीय सर्वेक्षकांना आपल्या हद्दीत येऊ दिले नव्हते. म्हणून १८४९ साली जेम्स निकलसन यांनी नेपाळच्या दक्षिणेस असलेल्या सखल, दलदलीच्या आणि हिवतापाने भरलेल्या तराई भागातून निरनिराळ्या ठाण्यांवरून त्या शिखराचे वेध घेतले. यांपैकी सर्वांत जवळचे ठाणेसुद्धा शिखरापासून १७४ किलोमीटर दूर होते. मुंबईपासून नाशिकपर्यंतचे अंतर साधारण इतकेच भरेल, यावरून या कामाची कल्पना यावी. पुढे निकलसन यांना हिवतापाने गाठले आणि त्यांना काम सोडावे लागले.

स्थानिक नावे ठाऊक नसलेल्या शिखरांना कचेरीत रोमन अंक देण्याची पद्धत पडली होती. त्यानुसार या टोकाला 'शिखर क्रमांक १५' असे नाव मिळाले. क्रमांक हे खरे पाहता नाव नव्हे. पण एक मोठा गुण त्यात आहे. त्यावर कोणाचा हक्क नसतो आणि त्यावरून भांडण होत नाही.

उंचीचे गणित

वेध घेतले म्हणजे उंची मिळाली असे होत नाही. दोन गोष्टी आड येतात.

पहिली गोष्ट म्हणजे पृथ्वीची वक्रता. जमीन गोल असल्यामुळे दूरची वस्तू क्षितिजाखाली काही अंशी बुडालेली असते. ती किती बुडाली हे काढण्याची सोपी रीत अशी : अंतराचा वर्ग करावा आणि त्याला पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे सुमारे १२,७४० किलोमीटरने, भागावे. १७४ चा वर्ग ३०,२७६. भागाकार सुमारे २.४ किलोमीटर. म्हणजे तराईतून पाहणाऱ्याला त्या पर्वताची जवळजवळ २,४०० मीटर उंची हिशेबात मिळवून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशाचे वक्रीभवन. जमिनीलगतची हवा दाट आणि वरची विरळ असते. त्यामुळे शिखराकडून येणारा किरण सरळ न येता किंचित वाकून येतो, आणि शिखर आहे त्यापेक्षा थोडे वर दिसते. ही वाढ उंचीतून वजा करावी लागते. वक्रीभवनाची दुरुस्ती न करता निकलसन यांच्या वेधांवरून उंची सुमारे ३०,२०० फूट येत होती. दुरुस्तीनंतर ती जवळजवळ १,२०० फुटांनी कमी झाली. हवेचे तापमान व दाब बदलले की वक्रीभवनही बदलते, म्हणून ही दुरुस्ती ठरविणे हेच सर्वांत अवघड काम होते. शिवाय १७४ किलोमीटर अंतरावर कोनात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तरी उंचीत ५० मीटरचा फरक पडतो!

ही आकडेमोड करणाऱ्यांना त्या काळी 'गणक' म्हणत. यंत्र नव्हे, माणसे! त्यांचे प्रमुख होते राधानाथ शिकदार. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले शिकदार १८३१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सर्वेक्षणात दाखल झाले आणि १८४९ साली कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य गणक झाले. १८५२ साली आकडेमोडीतून दिसून आले, की क्रमांक १५ हे शिखर आजवर मोजलेल्या सर्व शिखरांहून उंच आहे. मुख्य गणक धावत धावत वॉ यांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी ही बातमी सांगितली, अशी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु शिकदार कलकत्त्याला आणि वॉ देहरादूनला असल्यामुळे ती खरी मानता येत नाही. हा शोध एका क्षणात लागलेला नाही. निरीक्षक, यंत्रे वाहून नेणारे खलाशी आणि गणक अशा अनेकांच्या कित्येक वर्षांच्या श्रमाचे ते फळ आहे. भारत सरकारने २००४ साली या सर्वेक्षणाच्या स्मरणार्थ काढलेल्या तिकिटांत शिकदार यांना स्थान दिले, ते योग्यच झाले.

सहा ठाण्यांवरून आलेल्या उंची, पूर्ण फुटांत, अशा होत्या : २८,९९२, २९,००५, २९,००२, २८,९९९, २९,०२६ आणि २८,९९०. यांची सरासरी वाचकांनी स्वतः काढून पाहावी. ती २९,००२ फूट येते. 'उत्तर बरोबर २९,००० आले होते, पण ते अंदाजाने सांगितल्यासारखे वाटेल म्हणून वॉ यांनी दोन फूट पदरचे घातले,' असा किस्सा अनेक पुस्तकांत वाचायला मिळतो. तो खरा नाही, हे ही सहा आकड्यांची बेरीजच सांगते.

नाव कसे पडले?

मार्च १८५६ मध्ये वॉ यांनी ही उंची कळविली आणि त्याच पत्रात नावाची सूचना केली. आपल्या गुरूंनी, म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी, प्रत्येक स्थळाला तेथील लोकांचेच नाव द्यावे असे शिकविले आहे, हे वॉ यांनी स्वतःच मान्य केले. परंतु या शिखराचे स्थानिक नाव आपल्याला सापडत नाही आणि नेपाळात प्रवेश मिळेपर्यंत ते सापडण्याची आशाही नाही, असे सांगून त्यांनी एव्हरेस्ट यांचेच नाव सुचविले. गुरूचा गौरव करताना गुरूचा नियम मोडला गेला तो असा!

यावर दोन आक्षेप निघाले. पहिला खुद्द एव्हरेस्ट यांचा. १८५७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत ते म्हणाले, की आपले नाव हिंदी वा फारसी लिपीत लिहिता येणार नाही आणि हिंदी लोकांना ते उच्चारता येणार नाही. आपण 'व्ह' हे जोडाक्षर योजून ते लिहितो खरे, पण त्यांचे कुटुंब आपल्या आडनावाचा उच्चार 'ईव्हरेस्ट' असा करीत असे. म्हणजे ज्यांचे नाव दिले, त्यांचा उच्चार इंग्रजांनीही पाळला नाही.

दुसरा आक्षेप ब्रायन हॉजसन यांचा होता. ते पूर्वी नेपाळात ब्रिटिश रेसिडेंट होते आणि तेथील भाषांचे जाणकार होते. या शिखराला 'देवढुंगा' असे स्थानिक नाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्या नावाने लोक नेमके हेच शिखर ओळखतात, हे सिद्ध होऊ शकले नाही. अखेर १८६५ साली सोसायटीने 'एव्हरेस्ट' हे नाव मान्य केले.

गौरीशंकरचा घोटाळा

याच सुमारास, १८५४ ते १८५७ या काळात, श्लागिंटवाइट नावाचे तीन जर्मन बंधू हिंदुस्थानात व हिमालयात संशोधन करीत होते. त्यांपैकी हेर्मान यांनी काठमांडूजवळच्या कौलिया टेकडीवरून एक भव्य हिमशिखर पाहिले. लोक त्याला गौरीशंकर म्हणत. हेच ते सर्वांत उंच शिखर असे समजून त्यांनी 'एव्हरेस्टचे खरे नाव गौरीशंकर' असे जाहीर केले. नाव स्थानिक होते, देवांचे होते, कानाला गोड होते. जर्मन नकाशांत ते पुढे कित्येक वर्षे छापले जात होते.

चूक कोठे झाली, ते गणिताने पाहू. काठमांडूच्या परिसरापासून गौरीशंकर सुमारे १०० किलोमीटर आणि एव्हरेस्ट सुमारे १६० किलोमीटर दूर आहे, आणि दोन्ही पूर्वेकडे जवळजवळ एकाच दिशेला आहेत. गौरीशंकरची उंची ७,१३४ मीटर. निरीक्षक २,००० मीटर उंचीच्या टेकडीवर आहे असे धरू. १०० किलोमीटरला वक्रतेमुळे सुमारे ७८५ मीटर बुडतात. ७,१३४ मधून २,००० आणि ७८५ वजा केल्यास ४,३४९ मीटर उरतात. १०० किलोमीटर अंतरावर एवढी उंची सुमारे अडीच अंशांचा कोन करते. आता एव्हरेस्ट घ्या. १६० किलोमीटरला सुमारे २,००९ मीटर बुडतात. ८,८४९ मधून २,००० आणि २,००९ गेल्यावर ४,८४० मीटर उरतात, आणि १६० किलोमीटर अंतरावर त्यांचा कोन पावणेदोन अंशांच्या आतच राहतो. (वक्रीभवन येथे सोडून दिले आहे. त्याने निष्कर्ष बदलत नाही.) म्हणजे तेथून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना गौरीशंकरच उंच दिसणार! डोळ्यांना दिसतो तो कोन, उंची नव्हे.

शेवटी १९०३ साली, लॉर्ड कर्झन यांच्या सूचनेवरून आणि नेपाळ सरकारच्या परवानगीने, कॅप्टन हेन्री वुड कौलियाला गेले. त्यांच्यापुढे प्रश्न साधा होता : लोक ज्याला गौरीशंकर म्हणतात, ते शिखर नकाशावरील कोणत्या क्रमांकाचे? त्यांनी त्या शिखराची दिशा व उन्नत कोन मोजले आणि ज्ञात शिखरांच्या हिशेबाशी ते ताडून पाहिले. गौरीशंकर निघाले क्रमांक २०. क्रमांक १५ पासून ते सुमारे ५८ किलोमीटर दूर आहे. पन्नास वर्षांचा वाद एका थिओडोलाइटने मिटला. क्रमांकांचा उपयोग येथे कळून येतो. नावे दोन असोत की दहा, क्रमांक १५ म्हणजे ठरावीक अक्षांश-रेखांशांवरील एकच टोक.

उत्तरेकडून पाहिले तर

मग शिखराला स्थानिक नाव नव्हतेच काय? होते. पण ते उत्तरेला होते. नेपाळच्या बाजूने हे शिखर ल्होत्से व नुप्त्से यांच्या प्रचंड भिंतीमागे दडते. सखल प्रदेशातून तर ते अनेक टोकांमधील एक लहानसे टोक वाटते. त्याला वेगळे नाव देण्याचे कारणच लोकांना पडले नाही. तिबेटमधील रोंगबुक खोऱ्यातून मात्र ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकटे उभे दिसते. तेथील लोकांनी त्याला चोमोलुंग्मा म्हटले. हे नाव किती जुने आहे? चीनच्या सम्राटासाठी जेझुइट धर्मोपदेशकांच्या देखरेखीखाली अठराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या सर्वेक्षणावरून डॅनव्हिल या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने १७३० नंतरच्या दशकात नकाशे छापले, आणि त्यांत या नावाचे फ्रेंच रूप आढळते. वॉ यांच्या पत्राच्या शंभरावर वर्षे आधीची ही गोष्ट आहे! पुढे १९२१ साली पहिल्या ब्रिटिश मोहिमेला ल्हासाहून जो परवाना मिळाला, त्यातही हेच नाव होते. मूळ तिबेटमधून आलेले शेर्पा लोकही हेच नाव वापरतात.

'चोमोलुंग्मा' म्हणजे जगन्माता, असा अर्थ सर्वत्र सांगतात. नावातील 'चोमो' म्हणजे देवी, याविषयी वाद नाही. उरलेल्या भागाच्या अर्थाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. तिबेटी परंपरेत पाच भगिनी देवता मानल्या आहेत. त्यांपैकी मियो लांगसांग्मा ही या शिखरावर राहते, आणि सर्वांत थोरली त्सेरिंग्मा ही गौरीशंकरवर. युरोपियनांनी ज्या दोन शिखरांची गल्लत केली, ती तिबेटी लोकांच्या दृष्टीने दोन बहिणी होत, आणि त्यांची गल्लत त्यांनी कधीच केली नाही.

'सगरमाथा' हे नाव या सर्वांत नवे. नेपाळचे इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका लेखातून ते पुढे आणले. 'आकाशाला भिडलेला माथा' असा त्याचा अर्थ सांगतात. पुढे नेपाळ सरकारने ते स्वीकारले, आणि १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानालाही तेच नाव दिले. चीननेही १९५२ साली आपल्या नकाशांतून 'एव्हरेस्ट' काढून चोमोलुंग्माचे चिनी रूप ठेवले. १९६१ च्या सीमाकरारानुसार दोन्ही देशांची सीमा माथ्यावरूनच गेली. अर्थात एका बाजूच्या उताराचे नाव सगरमाथा आणि दुसऱ्या बाजूच्या उताराचे चोमोलुंग्मा, अशी स्थिती आहे.

नाव न मिळाल्यास काय होते, याचेही उदाहरण आहे. १८५६ साली मॉंटगोमेरी यांनी काराकोरम रांगेतील शिखरांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. के-१ चे माशेरब्रुम हे नाव कळले आणि क्रमांक मागे पडला. के-२ वस्त्यांपासून इतके आत आहे, की सर्वमान्य स्थानिक नाव मिळाले नाही. एका इंग्रज सर्वेक्षकाचे नाव देण्याचा प्रयत्नही तडीस गेला नाही. जगातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर आजही आपल्या क्रमांकानेच ओळखले जाते.

उंची एक, नावे दोन

उंचीच्या बाबतीतही मतभेद होतेच. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९५५ साली ती ८,८४८ मीटर ठरविली. चीनने २००५ साली माथ्यावरील बर्फ वगळून खडकाची उंची ८,८४४.४३ मीटर सांगितली. नेपाळ मात्र बर्फासहित उंची धरीत होता. पर्वताचा माथा म्हणजे खडक की बर्फ, हा तो वाद. अखेर दोन्ही देशांनी उपग्रहांच्या साहाय्याने नव्याने मोजणी करून ८ डिसेंबर २०२० रोजी एकत्रितपणे ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. १८५६ सालचे २९,००२ फूट म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. हिवतापाच्या रानातून, पावणेदोनशे किलोमीटरांवरून केलेल्या त्या मोजणीत हजार भागांत एका भागाचीच चूक होती!

या साऱ्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'गौरीशंकर म्हणजेच एव्हरेस्ट काय?' हा प्रश्न मोजून सोडविता येतो, आणि वुड यांनी तो सोडविला. 'या शिखराला काय म्हणावे?' हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सुटत नाही. तेथे पाहावे लागते ते हे, की नाव कोणी दिले, केव्हा दिले, आणि पर्वताच्या सावलीत राहणाऱ्यांना कोणी विचारले की नाही. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला मताने उत्तर देऊ नये, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला आकड्यांचा आधार आहे असे भासवू नये.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर २० मीटरची पायारेषा आखा. कोनमापक, नळी आणि ओळंबा वापरून ध्वजस्तंभाचे अंतर व उंची काढा. तीन गटांनी वेगवेगळ्या पायारेषा घ्याव्यात आणि उत्तरांची सरासरी काढावी.

२. २३० किलोमीटर अंतरावर वक्रतेमुळे किती उंची बुडते, ते वर दिलेल्या रीतीने काढा.

३. आपल्या गावाजवळील एखादा डोंगर निवडा. त्याच्या दोन बाजूंच्या गावांत जाऊन वडीलधाऱ्या माणसांना त्याचे नाव विचारा आणि नकाशावरील नावाशी ताडून पाहा.